९ फुटांचा रॉड, ५५ सेंटिमीटरची बॅग

फ्लाय फिशिंगचा रॉड घ्यायला निघालेला माणूस आधी कंपनी पाहतो, मग किंमत पाहतो, आणि रॉड घरी आल्यावर त्याच्या लक्षात येतं की तो बॅगेत मावत नाही. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी पाणी ठरवावं, मग मासा, मग प्रवास कसा करणार ते. दुकानाची पायरी सगळ्यात शेवटी चढावी. प्रवासात नेण्याजोग्या रॉडबद्दल जे लिहिलं जातं, ते बहुतेक अमेरिकेत किंवा इंग्लंडात बसून लिहिलेलं असतं. तिथला माणूस स्वतःच्या मोटारीत रॉड टाकतो आणि नदीवर जातो. आपण जातो रेल्वेच्या डब्यातून, एसटीतून, शेअर जीपमधून, आणि कधी जमलंच तर सात किलोची मर्यादा असलेल्या विमानातून. त्यामुळे त्यांचा सल्ला जसाच्या तसा उचलून आपलं भागत नाही.

हा शौक साहेबाचा, आपला नव्हे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी कोकणातला. आमच्याकडे खाडीवर गरवायला जाणं ही पोरासोरांचीही गोष्ट. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात दालदी मुसलमानांच्या पिढ्या समुद्रावर राबल्या. मासा काय आणि गळ काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. फरक इतकाच, की ती मासेमारी पोटाची आणि ही शौकाची. पण शौक करायला साहेबच असावं लागतं, असं कुठे लिहून ठेवलंय? शौक आपला झाला म्हणजे त्याची अवजारंही आपल्या सोयीनं निवडता आली पाहिजेत. माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या नेहमीच्या गळाला आमिष आणि शिशाचं वजन असतं. त्या वजनामुळे दोरी पाण्यात लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसं आणि धागा गुंडाळून नकली माशी केलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून वजन दोरीत असतं. ही जाडसर लाइन हवेत मागे-पुढे झुलवायची आणि रॉडच्या वाकण्यातून पुढे सोडायची; माशी तिच्यामागे आपोआप जाते. म्हणजे इथे रॉड नुसता काठी नाही, तो स्प्रिंग आहे. बुडापासून शेंड्यापर्यंत तो एका लयीत वाकला पाहिजे. बाजारात ‘फोल्डिंग रॉड’ म्हणून मिळणारे, नळीत नळी सरकणारे स्वस्त रॉड स्पिनिंगला चालतात, या कामाला चालत नाहीत. ते वाकतात तुटक-तुटक, आणि जाड लाइन त्यांच्या बारीक कड्यांतून नीट सुटत नाही.

आता घडीचा प्रश्न. स्प्रिंगचे तुकडे करायचे आणि जोडल्यावर ती पुन्हा अखंड असल्यासारखी वाकली पाहिजे, ही कारागिरांपुढची जुनी अडचण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या इस्टन गावी सॅम्युअल फिलिपी नावाचा बंदुका बनवणारा कारागीर बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून रॉड करू लागला. त्या काळात या कामाला वापरला जाणारा बांबू तिकडे ‘कलकत्ता केन’ म्हणून ओळखला जाई, कारण तो हिंदुस्थानातून जात असे. पुढे दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली. १९५० नंतर अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला, तो बांबू मिळेनासा झाला आणि फायबरग्लासचे दिवस आले. १९७० च्या दशकात कार्बन फायबर आलं. तेव्हा हा शौक साहेबाचा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की साहेबाच्या हातातला बांबू एकेकाळी आपल्याकडचाच होता.

बांबूच्या रॉडचे सांधे धातूचे असत. धातू वाकत नाही आणि जड असतो. त्यामुळे प्रत्येक सांध्यापाशी स्प्रिंग मेल्यासारखी होई, आणि कारागीर दोन किंवा तीन तुकड्यांच्या पुढे जायला नाखूश असत. कार्बनचा सांधा कार्बनमध्येच बसू लागला तेव्हा ही अडचण पुष्कळशी सुटली. आज चार तुकड्यांचा रॉड हीच सर्वसाधारण रीत आहे. सहा आणि सात तुकड्यांचेही चांगले रॉड निघतात. जास्त तुकडे म्हणजे रॉड हमखास वाईट, हे जुन्या लोकांचं मत धातूच्या सांध्यांच्या काळात खरं होतं. आजही ते तसंच घोकत राहणं बरोबर नाही. मात्र जास्त तुकड्यांची किंमत शून्य आहे, असंही नाही. त्याकडे पुढे येतो.

आधी साधा हिशेब करू. दुकानदार ज्याला ‘ट्रॅव्हल रॉड’ म्हणतो तो बहुधा ९ फुटांचा, चार तुकड्यांचा असतो. ९ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. चार भाग केले की साडेअडुसष्ट, आणि सांध्यात आत जाणारा भाग धरून तुकडा ७१ सेंटिमीटरच्या आसपास जातो. विमानात हातात न्यायच्या बॅगेचं आपल्याकडे रूढ माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. सरळ तर रॉड बसत नाहीच. तिरपा ठेवला तरी ५५ बाय ३५ चा कर्ण ६५ सेंटिमीटरचा. एका कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे बॅगेत जेवढी जास्तीत जास्त लांबी बसू शकते तेवढी धरली, तरी ती जेमतेम ७० भरते. आणि हे बाहेरचं माप झालं, आतलं त्याहून कमीच. म्हणजे ज्याला ट्रॅव्हल रॉड म्हणून विकलं जातं, तो आपल्या प्रवासी बॅगेत कोणत्याही बाजूनं बसत नाही.

सहा तुकडे केले तर तुकडा साधारण ४९ सेंटिमीटरचा होतो. तो सरळ बसतो, वर कपड्यांना जागा उरते. सात तुकड्यांचा तर ४३ च्या आसपास. पाच तुकड्यांचा ५८, म्हणजे तिरपा बसेल. ज्यांना चारच तुकडे हवेत त्यांनी लांबी कमी करावी: साडेसात फुटांचा चार तुकड्यांचा रॉड ६० सेंटिमीटरच्या आसपास येतो, तोही तिरपा मावतो. टेप घेऊन घरातली बॅग मोजा आणि मग दुकानात जा. हा पाच मिनिटांचा उद्योग मी अजून कुठल्या जाहिरातीत वाचलेला नाही.

कुणी म्हणेल, रॉड सामानात टाकून द्यायचा, हातात कशाला? देता येतो. पण विमानात खाली टाकलेलं सामान कसं फेकलं जातं हे आपण सगळ्यांनी खिडकीतून पाहिलेलं आहे, आणि सामान एक दिवस उशिरा आलं तर चार दिवसांच्या सहलीतला एक दिवस गेला. रेल्वेत नळकांडं बर्थखाली सरकवता येतं, हे खरं. पण पुढे एसटीच्या टपावर किंवा जीपच्या मागे ते गोणपाटांखाली दबतं. बॅगेच्या आत, कपड्यांच्या घडीत ठेवलेला रॉड आपल्याबरोबर राहतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती इंग्रजी मासिकांत सापडणार नाही. पाऊण मीटर लांबीचं गोल नळकांडं खांद्याला अडकवून दाढीवाला माणूस रेल्वे स्थानकात शिरला की काय होतं, ते मी अनुभवलंय. एका मोठ्या स्थानकावर मला बाजूला घेतलं, नळकांडं उघडायला लावलं, नाव विचारलं, नाव ऐकल्यावर पुन्हा एकदा उघडायला लावलं. माझ्या पुढे दोन पोरं क्रिकेटच्या लांबलचक बॅगा घेऊन गेली, त्यांना कुणी हटकलं नाही. तपासणीला माझा विरोध नाही. ती सगळ्यांची व्हावी, एवढंच म्हणणं आहे. नंतर मित्र म्हणाले, घडीचा रॉड घे, बॅगेत टाक, कटकटच नको.

मला हा सल्ला अर्धाच पटतो. घडीचा रॉड सोयीसाठी घ्यावा, लपवण्यासाठी नव्हे. ज्या वस्तूत लपवण्यासारखं काही नाही ती लपवायची सवय लागली, की आधी वस्तू आत जाते, मग टोपी खिशात जाते, मग नाव अर्धंच सांगितलं जातं. माझ्याकडे आज सहा तुकड्यांचा रॉड आहे, तो ५५ सेंटिमीटरच्या हिशेबानं घेतलेला आहे. काश्मीरला किंवा कुल्लूला लांब मुक्काम असेल तेव्हा मी चार तुकड्यांचा रॉडही त्याच नळकांड्यात घालून खांद्यावर नेतो. त्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘मासे धरायची काठी’. वाचून हसणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यातल्या निम्म्यांना मग माशी कशी टाकतात ते पाहायचं असतं.

बॅगेचा प्रश्न सुटला तरी पाण्याचा उरतो, आणि खरा निर्णय तिथे होतो. रॉडवर ३, ५, ८ असा आकडा असतो. तो रॉडचं वजन सांगत नाही, त्याला कुठल्या वजनाची लाइन हवी ते सांगतो. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात, ८ नंबरचे साडेतेरा ग्रॅमच्या जवळ. रॉड पाच नंबरचा आणि लाइन तीनची घेतली तर रॉड वाकणारच नाही, आणि न वाकणारी स्प्रिंग लाइन फेकत नाही.

आपल्या देशात फ्लाय रॉड घेऊन जाण्याची पहिली जागा म्हणजे हिमालयातलं ट्राउटचं पाणी. ट्राउट इथला मूळचा नव्हे. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून तो काश्मीरच्या ओढ्यांत रुजला, आणि पुढे काही वर्षांत कुल्लूकडे नेला गेला. लिद्दर, सिंध, तीर्थन ही नावं आता गळवाल्यांना पाठ असतात. या नद्यांना ८ ते ९ फुटांचा, ४ किंवा ५ नंबरचा रॉड पुरेसा होतो. परवाना तिथल्या मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो, दिवसाला किती मासे ठेवायचे याची मर्यादा असते, आणि हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात बंदी असते. तारखा न पाहता तिकिटं काढणाऱ्याला कुठलाही रॉड उपयोगाचा नाही.

बाहेरगावी फिरताना हलाल गोश्त कुठे मिळेल, हा आपल्या घरातल्या माणसांचा पहिला प्रश्न असतो. मासळीला जबह करण्याची अट नाही. परवान्यात बसतील तेवढे दोन ट्राउट धरले आणि मुक्कामाच्या चुलीवर हळद-मीठ लावून तळले, की रात्रीचा प्रश्न मिटला. म्हणून रॉडला शौकाची वस्तू म्हणून अगदीच हिणवू नये.

दुसरी जागा म्हणजे महाशीर. या माशाशी आपल्या महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्या नदीची आजची अवस्था सांगायला नको. महाडजवळच्या वाळणकोंडीत लोक हा मासा देवाचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखत आले, तिथे गळाचं नावही काढू नये. श्रद्धेनं वाचवलेला मासा सगळ्यांचाच आहे. उत्तराखंडात जिथे परवानगीनं महाशीर धरून सोडू देतात, तिथे मात्र रॉड ८ नंबरच्या खाली नको. कारण सांगतो.

हिमालयातला सोनेरी महाशीर आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे, तो धरला तर सोडायचाच असतो. पण मासा पाण्यात परत गेला म्हणजे वाचला, असं नाही. हलक्या रॉडवर मोठा मासा अर्धा-पाऊण तास झुंजवला, तर तो इतका दमतो की सोडल्यावरही मरू शकतो, आणि आपल्याला ते दिसतही नाही. फोटोत मात्र माणूस हसत असतो. काही हौशी लोक मुद्दाम हलका रॉड नेतात, म्हणजे झुंज जास्त रंगते. मला हे मान्य नाही. जिवाला खेळाचं साधन करू नये, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकली आहे. जो खाणार आहे त्यानं पटकन मारावा, जो सोडणार आहे त्यानं पटकन सोडावा. त्यासाठी पुरेशा ताकदीचा रॉड, गळाचा उलटा काटा चिमट्यानं दाबलेला, आणि मासा धरण्याआधी हात ओले केलेले. पाणी २० अंशांच्या पुढे तापलं असेल तर ट्राउटला त्या दिवशी सुट्टी द्यावी.

म्हणूनच प्रवासाला सुटसुटीत म्हणून फक्त छोटा आणि हलका रॉड घ्या, हा सल्ला मला अपुरा वाटतो. बॅगेच्या सोयीसाठी माशाची गैरसोय करू नये. आठ नंबरचा सहा तुकड्यांचा रॉडही मिळतो. घडी आणि ताकद यांत एकच निवडा, अशी वेळ आता राहिलेली नाही.

तिसरा पर्याय जपानचा आहे, त्याला तेनकारा म्हणतात. रील नाही, कडी नाहीत. साधारण साडेतीन मीटरचा रॉड नळीत नळी सरकून अर्ध्या मीटरचा होतो, आणि दोरी थेट शेंड्याला बांधायची. वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर मासे विकून पोट भरणारे लोक हेच वापरत. २००९ नंतर अमेरिकेत त्याची हवा झाली. आपल्या ओढ्यावर बांबूच्या कामटीला दोरी बांधून बसणारं पोर आणि हा जपानी गडी यांची जात एकच. इथे नळी सरकणारी असून चालते, कारण जड लाइन कड्यांतून सोडायचीच नसते. लहान ओढा, वीतभर ट्राउट, पाठीवर एकच पिशवी, एवढं असेल तर याच्यासारखं सुटसुटीत काही नाही. पण मोठा मासा पळाला तर सोडायला दोरीच नसते, म्हणून महाशीरच्या पाण्यावर त्याला नेऊ नये.

आता जास्त तुकड्यांची किंमत. सहा तुकडे म्हणजे पाच सांधे, आणि प्रत्येक सांधा वापरता-वापरता सैल होतो. सैल सांध्यावर जोर आला की रॉड तिथेच तडकतो. दर अर्ध्या तासानं सगळे सांधे हातानं चाचपावेत. सांध्याच्या आतल्या टोकाला साधी मेणबत्ती हलकी घासावी, पकड बसते. सांध्यात वाळू जाऊ देऊ नये. अडकला तर पक्कडीनं पिळू नये. आतल्या तुकड्याला बर्फ लावावा, दोघांनी मिळून सरळ ओढावं. ओला रॉड नळकांड्यात बंद करू नये. नळकांडं महागडं घ्यायची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप मापानं कापून घेतला, दोन झाकणं बसवली आणि शिंप्याकडून आतली कापडी पिशवी शिवून घेतली, की काम होतं.

पैशाबद्दल एकच बोलतो. नामांकित अमेरिकन कंपन्यांचे वरच्या दर्जाचे रॉड आज हजार डॉलरच्या घरात गेलेत. तितकी रक्कम वर्षातून आठ दिवस वापरायच्या वस्तूवर घालणं, याला आमच्याकडे इसराफ म्हणतात, म्हणजे उधळपट्टी. त्याच्या दहाव्या हिश्शात मिळणारा मध्यम लवचीक रॉड नवशिक्याला उलट सोपा जातो, कारण तो वाकताना हाताला कळतो. वाचलेल्या पैशातून चांगली लाइन घ्यावी. स्वस्त रॉडवर चांगली लाइन चालते. महागड्या रॉडवर रद्दी लाइन चालत नाही. आणि तरीही पैसे उरले तर घरातल्या मुला-मुलींपैकी कुणाला तरी बरोबर न्यावं. रॉड एकच असला तरी चालतो, आळीपाळीनं टाकता येतो.

तेव्हा माझं म्हणणं असं: पहिलाच रॉड घेत असाल आणि हिमालयाकडे जाणार असाल, तर साडेआठ ते ९ फुटांचा, ५ नंबरचा, सहा तुकड्यांचा घ्या. फक्त लहान ओढे असतील तर तेनकारा पुरे. महाशीरला जायचं असेल तर ८ नंबर, नाहीतर जाऊ नका. या तिन्हींपैकी काहीही तुमच्या आताच्या बॅगेत बसतं, आणि तुमच्या आताच्या नावानिशी, चेहऱ्यानिशी कुठेही नेता येतं. नद्या आपल्या आहेत. काठावर आपणही दिसलो पाहिजे.